नित्य आणि नैमित्तिक

आपल्या जुन्या आचारधर्माने माणसाच्या कर्मांची नित्य आणि नैमित्तिक अशी विभागणी केली आहे. स्नान, संध्या, पूजा ही नित्य कर्मे. त्यांना निमित्त लागत नाही. श्राद्ध, ग्रहणातले स्नान ही नैमित्तिक; निमित्त घडले म्हणजे ती करावयाची. शास्त्राची बंधने पुढे सैल झाली, तरी घरसंसाराने ही विभागणी सोडली नाही. रोजची भांडी फडताळात आणि कार्याची माळ्यावर. रोजचे लुगडे दांडीवर आणि पैठणी ट्रंकेत. पन्नास माणसांचा भात शिजेल असे पातेले घरात असले, तरी चौघांचा रोजचा भात कोणी त्यात शिजवीत नाही. वाहनाच्या बाबतीत मात्र हे साधे शहाणपण माणसाला चटकन सुचत नाही. मल्लेश्वरममध्ये राहणाऱ्या एका बेळगावकराला ते सुचायला पंधरा वर्षे लागली.

मल्लेश्वरम ही बंगळूरची जुनी वसाहत. १८९८ साली शहरात प्लेग आला आणि पेठेतली दाटी कमी व्हावी म्हणून उत्तरेकडच्या उंचवट्यावर ती आखली गेली. आखणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे पायी चालणारा माणूस आणि फार तर घोड्याची गाडी होती. सरळ रस्ते, त्यांना छेदणारे क्रॉस, घरांच्या मागून जाणाऱ्या अरुंद गल्ल्या आणि दोन्ही बाजूंना झाडे. अशाच एका क्रॉसवर, करंजाच्या झाडाखालच्या जुन्या घरात तो भाड्याने राहतो. घरापुढे चार पावलांचे अंगण आहे. २०१० साली त्याने मोटार घेतली, तेव्हा त्या अंगणात ती जेमतेम मावली. तुळशीवृंदावन एका कोपऱ्यात सरकवावे लागले आणि घरात शिरताना प्रत्येकाला अंग चोरावे लागले. मोटार आल्याचा आनंद इतका होता, की या अडचणीचे तेव्हा कौतुकच वाटले.

२०२५ साली त्या मोटारीची पंधरा वर्षांची नोंदणी संपत आली. खासगी मोटारीला पंधरा वर्षांनंतर पुन्हा तपासणीस उभे राहावे लागते, आणि नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून पाच हजार रुपये झालेले आहे. विमा, दुरुस्ती आणि झिजलेले टायर हा खर्च वेगळाच. गाडी ठेवावी, की विकून नवी घ्यावी, एवढाच प्रश्न प्रथम घरात होता. गाडी असावीच का, असा प्रश्न कोणाच्या मनातही आला नव्हता.

मुलगी परगावी नोकरीला. तिने फोनवर सांगितले, "बाबा, आता पेट्रोलची नको, विजेची मोटार घ्या." सूचना चांगली होती आणि शहराला शोभणारीही होती. रेवा नावाची चिमुकली विजेची मोटार २००१ साली याच बंगळूरात तयार झाली, तेव्हा लोकांनी तिला खेळणे मानले. २०१८ साली एथरची विजेवरची स्कूटर याच शहरात प्रथम विक्रीस आली. २०२० साली बजाजने जुनी चेतक विजेवर पुन्हा आणली, तीही आधी पुणे आणि बंगळूर या दोनच शहरांत. ज्या चेतकसाठी एके काळी आकुर्डीच्या कारखान्याकडे नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे थांबत, तीच आता आवाज न करता सिग्नलला उभी राहते. तेव्हा विजेला हे शहर परके नाही. १९०५ साली येथील रस्त्यांवर विजेचे दिवे लागले. कावेरीवरच्या शिवसमुद्रच्या धबधब्यावरून ती वीज आणलेली होती.

परंतु त्याने कागदावर एक हिशेब मांडला. विजेच्या एका मध्यम मोटारीच्या बॅटरीत सुमारे तीस युनिट वीज मावते. विजेवर चालणाऱ्या सायकलीची छत्तीस व्होल्टची, दहा अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे एका युनिटाचा तिसरा हिस्सा, किंचित अधिक. एका मोटारीच्या बॅटरीत अशा ऐंशी सायकली चालतील. मोटारीचे वजन हजार-चौदाशे किलो आणि तिने वाहून न्यायचा तो स्वतः पासष्ट किलोंचा. इंधन बदलले, तरी हे प्रमाण बदलत नव्हते. अंगणातली जागा मोकळी होत नव्हती आणि मेख्री सर्कलची रांगही आखूड होत नव्हती.

त्या रांगेत त्याच्या आयुष्याचा मोठा भाग गेलेला होता. त्याची कचेरी हेब्बाळकडे. घरून निघून सँकी तलावाच्या काठाने सदाशिवनगर, तेथून मेख्री सर्कल आणि मग बळ्ळारी रस्ता. अंतर सहा-सात किलोमीटर. संध्याकाळी एवढ्यासाठी पाऊण तास लागे, पाऊस आला तर त्याहून अधिक. शहरात नोंदलेल्या वाहनांची संख्या एक कोटीच्या पुढे केव्हाच गेली आहे. टॉमटॉम या डच कंपनीने २०२३ सालासाठी केलेल्या पाहणीत बंगळूरच्या मध्यभागी दहा किलोमीटर जायला सरासरी २८ मिनिटे १० सेकंद लागत होती. पुण्यात २७ मिनिटे ५० सेकंद, म्हणजे पुणेकरांनीही फार हसण्यासारखे काही नाही. त्या हिशेबाने मोटारीचा वेग ताशी एकवीस किलोमीटर भरतो. हेब्बाळला अद्याप मेट्रो पोहोचलेली नाही; पोहोचली असती, तर त्याच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तेथेच मिळाले असते.

बेळगावच्या माणसाला सायकल नवी नसते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात दुकान थाटले ते सायकलींचे. त्या काळी सायकल ही श्रीमंतांची हौस होती आणि ती चालवायला शिकवावे लागे. पुढे याच घराण्याने १९४६ साली बंगळूरात विजेच्या मोटारी बनवण्याची कंपनी काढली. तिचा कारखाना मल्लेश्वरमच्या पश्चिमेस होता आणि आज त्या जमिनीवर उंच इमारती आणि मॉल उभे आहेत. १९९७ साली जपानच्या टोयोटाबरोबर त्यांनी बिडदीला चारचाकी मोटारींचा उद्योग सुरू केला. मराठीत मोटार हा एकच शब्द चारचाकीलाही लागतो आणि विजेच्या यंत्रालाही. सायकल, विजेची मोटार आणि चारचाकी मोटार, या क्रमाला प्रगती म्हणायची सवय सर्वांना आहे. या बेळगावकराचे आयुष्यही त्याच क्रमाने गेले होते. वडिलांची सायकल, नोकरीसाठी राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने बंगळूरला आल्यावर घेतलेली जुनी स्कूटर, आणि मग मोटार. पायरी चढलेला माणूस खाली उतरला की लोक कारण विचारतात, आणि कारण पैशाचेच असणार असे धरून चालतात.

निर्णय होईना, तेव्हा त्याने एक वही केली. गाडी दाराबाहेर निघाली की नोंद करायची. कोठे, कशासाठी आणि गाडीत माणसे किती. पानाच्या मधोमध रेघ ओढून डाव्या बाजूला त्याने 'नित्य' लिहिले आणि उजव्या बाजूला 'नैमित्तिक'. तीन महिन्यांनी वही उघडली, तेव्हा डावी बाजू पानेच्या पाने भरलेली होती. कचेरी, कचेरी, बँक, भाजी, कचेरी. आणि माणसांच्या रकान्यात जवळजवळ सर्वत्र एकचा आकडा. उजव्या बाजूला सात नोंदी होत्या. आईला डॉक्टरांकडे दोनदा. यशवंतपूर स्टेशनावर पाहुण्यांना आणायला दोनदा. एक लग्न, एक बारसे आणि गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळातला एक कार्यक्रम. या सात प्रसंगांसाठी ठेवलेले मोठे पातेले तो रोज एकट्याच्या भातासाठी चुलीवर चढवीत होता.

एका रविवारी मेट्रो स्टेशनाबाहेर भाड्याने मिळणारी विजेची दुचाकी त्याने घेऊन पाहिली. मग एका परिचिताची पायडलची ई-सायकल चार दिवस मागून आणली. तिच्या मागच्या चाकाच्या तुंब्यात लहानशी मोटार बसवलेली असते. पायडल फिरू लागले की ते तिला कळते आणि ती हात देते. पाय थांबले की तीही थांबते. २५० वॉटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा अधिक न धावणाऱ्या अशा सायकलीला आपला कायदा मोटार वाहन समजत नाही. तिला परवाना लागत नाही आणि नोंदणीही लागत नाही. बंगळूर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांवर, आणि सारखे चढउताराचे. साध्या सायकलीवर सत्तावन्न वर्षांच्या गुडघ्यांनी सदाशिवनगरचा चढ चढवला नसता. या सायकलीवर तो चढ कोणी पाठीवर हात ठेवावा तसा सरून गेला. ज्या रस्त्याने तो पंधरा वर्षे गेला, त्या रस्त्यावर सकाळी आकाशमोगऱ्याचा वास असतो, हे त्याला त्या आठवड्यात कळले. कचेरीला पोहोचायला अर्ध्या तासाहून कमी वेळ लागला, आणि तो वेळ रोज तेवढाच राहिला.

तथापि सायकलीवरून दिसणारे सर्वच सुखाचे नव्हते. बसचे मागचे चाक कोपरापासून हातभर अंतरावरून जाताना माणसाला आपल्या देहाची जाणीव वेगळ्या रीतीने होते. सायकलींसाठी वेगळी वाट या शहरात फारशी कोठे नाही. २०२० साली आउटर रिंग रोडवर खांब रोवून तशी एक पट्टी राखली गेली होती. ती टिकली नाही. आणखी एक गोष्ट त्याला अधिक लागली. एका सोसायटीत तो मित्राकडे गेला होता. फाटकावरच्या पहारेकऱ्याने सायकल पाहिली, पाठीवरची पिशवी पाहिली आणि कानडीत सांगितले, "डिलिव्हरीवाल्यांनी मागच्या दारानं." त्याच फाटकातून मोटार घेऊन तो कितीदा आत गेला होता आणि त्याच पहारेकऱ्याने सलाम केला होता. तो मागच्या दाराने गेला. तेथे तशाच दुचाक्यांवर पाच-सहा तरुण उभे होते. घराघरांत जेवण, औषधे आणि भाजी पोहोचवणारी ही मुले. या शहरात विजेची दुचाकी खऱ्या अर्थाने आपलीशी केली ती त्यांनी. ती चालवणे ही त्यांच्यापैकी कोणाची आवड नव्हती, आणि पर्यावरणाचे व्रतही नव्हते. दिवसभरात शंभर दारे गाठायची, तर तेच परवडत होते. एकाने त्याला विचारले, "अंकल, कोणत्या कंपनीत?" आपली कंपनी वेगळी आहे हे सांगताना त्याला स्वतःच्या आवाजात घाई जाणवली, आणि त्या घाईची त्याला लाज वाटली. पंधरा वर्षे मोटारीच्या हप्त्यांतून आणि विम्यातून आपण वाहनाबरोबर त्या सलामाचेही पैसे भरत आलो, हे त्या दिवशी त्याच्या ध्यानात आले.

पत्नीचा विरोध वेगळ्या कारणाने होता. तिला लोकांच्या बोलण्याची पर्वा नव्हती. ती म्हणाली, "तुमच्या वहीत सातच नोंदी आहेत, हे खरं. पण आईंना रात्री काही झालं तर? तेव्हा काय सायकलीवर नेणार?"

हा प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता. आई ब्याऐंशी वर्षांची. वडील गेल्यावर ती बेळगावहून मुलाकडे आली, आणि मोटार घेतली ती मुख्यतः तिच्यासाठी. निदान घरात तसे बोलले जाई. खरे पाहता, मोटार घेणारा प्रत्येक मनुष्य अशा एका रात्रीची कल्पना करून ती घेत असतो. मुसळधार पाऊस, कोणाची तरी घाबरी झालेली छाती आणि रस्त्यावर एकही रिक्षा नाही. त्या एका रात्रीच्या भयाने पुढची साडेपाच हजार दिवसांची सोय ठरते.

तशी रात्र या घरात येऊन गेलेली होती. तीन वर्षांपूर्वी आई न्हाणीघरात घसरून पडली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. त्याने धावत जाऊन मोटारीचे दार उघडले. सीट मागे केली. पण खुबा मोडलेल्या माणसाला बसवता येत नाही, आणि मोटारीत बसण्यावाचून दुसरी सोय नसते. शेवटी रुग्णवाहिका बोलावली. ती येईपर्यंत आई जमिनीवर, उशाला पत्नीची मांडी. आणि बाहेर, दार उघडे असलेली, आतला दिवा जळत राहिलेली मोटार. रुग्णवाहिकेचे स्ट्रेचर आत यायला जागा हवी म्हणून ती त्याला आधी अंगणातून काढून रस्त्यावर लावावी लागली. ज्या रात्रीसाठी ती घेतली, त्या रात्री तिचे काम बाजूला होण्याचे होते. अर्थात याची दुसरी बाजूही होती. नंतरच्या सहा महिन्यांत आईला तपासणीला नेले ते याच मोटारीतून, आणि तेव्हा ती नसती तर कष्ट पडले असते. पत्नीने हे बोलून दाखवले आणि त्याने ते नाकारले नाही.

ही बोलणी चालू असता आई आतल्या खोलीत पडून ऐकत असे. तिचे कान तीक्ष्ण होते आणि बोली अजून बेळगावची होती. एके दिवशी चहा पिताना ती म्हणाली, "माझ्या नावावर कशाला भांडायलाय रे? तुझ्या बाबांकडं काय होतं? सायकल. तू व्हायच्या येळेला मी दवाखान्यात कशातनं गेले, ठाऊक हाय?"

"कशातून?"

"टांग्यातनं. तिठ्ठ्यावर टांगेवाला होता, रात्री हाक मारली की यायचा. कधी नाही म्हटला नाही. पावसात तट्ट्या लावून नेलं मला. पर म्हणून बाबांनी दारात टांगा नाही बांधला. घोड्याला रोज चंदी कोण घालणार?"

ती हे काही उपदेशाच्या सुरात बोलली नव्हती. एक जुनी गोष्ट आठवली, ती सांगितली आणि चहाचा कप खाली ठेवला. परंतु वहीच्या पानावर त्याने ओढलेली रेघ तिने एका टांग्याने अधिक स्पष्ट केली होती. नित्यासाठी जे लागते ते आपले असावे. ते हाताळायला हलके आणि पोसायला सोपे असावे. नैमित्तिकासाठी दुसऱ्याला हाक मारावी, त्याचे पैसे द्यावेत आणि हाक मारल्यावर येणारे कोणी तरी असेल एवढी व्यवस्था करून ठेवावी. मागच्या पिढीने ही व्यवस्था माणसांवर सोपवली होती. पुढच्या पिढीने ती यंत्रावर सोपवली, आणि तिठ्ठ्यावरच्या टांगेवाल्याशी असलेली ओळख तुटली.

मग त्याने ती ओळख पुन्हा करण्यापासून सुरुवात केली. क्रॉसच्या तोंडाशी रिक्षांचा थांबा आहे. तेथल्या तिघांचे फोन नंबर घेतले. आईला चढताना लागणारी लाकडी पायरी करून घेतली. रुग्णवाहिकेचा क्रमांक आणि हाडांच्या डॉक्टरांचा पत्ता फोनजवळ मोठ्या अक्षरांत लावला. पहिल्या सोमवारी आई त्या रिक्षातून काडू मल्लेश्वराला गेली. व्यंकोजीराजांनी १६६९ साली या देवाला गाव इनाम दिल्याचा शिलालेख आहे, त्यामुळे हा महादेव आपल्याकडचाच, अशी तिची समजूत आहे. रिक्षावाल्याने तिला हाताला धरून उतरवले. परत आल्यावर तिने त्याच्या मुलांची नावे सांगितली.

पावसाळा सरल्यावर मोटार विकली गेली. तिच्या निम्म्याहून कमी पैशांत ई-सायकल आली. उरलेले पैसे पत्नीने बँकेत वेगळ्या खात्यात ठेवले आणि त्या खात्याला घरात 'टांगा' हे नाव पडले. रिक्षा, टॅक्सी, रुग्णवाहिका, सारे त्यातून. हे करताना त्याने स्वतःला फसवले नाही. सायकलीची बॅटरीही खाणीतून निघालेल्या धातूंचीच असते आणि काही वर्षांनी ती बदलावी लागते. २०२२ साली देशात ठिकठिकाणी विजेच्या स्कूटरांना आगी लागल्या. त्यानंतर त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून अशा वाहनांच्या बॅटऱ्यांचे नियम कडक झाले. तरीही त्याची बॅटरी रात्री चार्जिंगला लावलेली आईला चालत नाही, म्हणून ती सकाळी, सर्वजण जागे असताना लावली जाते. पाऊस कोसळला की सायकल घरी राहते, आणि रिक्षावाला "येत नाही" म्हणतो तेव्हा मोटारीची आठवण होते. बळ्ळारी रस्त्यावर पत्नीचे मन अजूनही त्याच्याबरोबर असते. पोहोचल्याचा फोन आल्याशिवाय ती कामाला लागत नाही. या काळजीची किंमत हिशेबाच्या कोणत्याच रकान्यात बसलेली नाही, आणि ती तो देत नाही, ती देते, हे त्याला माहीत आहे.

अंगणात आता सायकल भिंतीला टेकून उभी असते. तुळस पुन्हा मधोमध आली. सकाळी उन्हाची तिरीप करंजातून खाली येते, तेव्हा पत्नी आईची वेताची खुर्ची बाहेर मांडते. मोटार असताना तेथे खुर्ची मावत नव्हती. पंधरा वर्षे आईने रस्ता पाहिला तो खिडकीच्या गजांतून किंवा गाडीच्या काचेतून. आता फुलवाली तिला हाक मारते, थांब्यावरचा रिक्षावाला जाता जाता हात करतो आणि शाळेला जाणारी मुले सायकलीची घंटा वाजवून पळतात. मुलीने फोनवर विचारले, "आजी, गाडी गेली, तुला करमत नसेल ना?" आई म्हणाली, "गाडी होती तवा मी महिन्यातनं एकदा बाहेर जात होते. आता रोज जाते."